घरासाठी परवडणारा राउटर निवडताना
खोक्यावरचा १२०० हा आकडा पाहून निर्णय घेऊ नका. तो सहसा वाय-फायच्या दोन लहरपट्ट्यांवरच्या वेगांची, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मेगाबिट प्रतिसेकंद यांची ढोबळ बेरीज असतो, आणि एका मोबाइलला एवढा वेग मिळत नाही. त्याऐवजी मागचे पोर्ट (केबल जोडायच्या खाचा) तपासा, कारण स्वस्त राउटरमध्ये ते पुष्कळदा १०० मेगाबिटचेच असतात, आणि मग तुमची इंटरनेट जोडणी ३०० मेगाबिटची असली तरी १०० च्या वर काही हाती लागत नाही. माझ्या मते काटकसर अँटेनांच्या संख्येत करावी, गिगाबिट (१००० मेगाबिटच्या) पोर्टमध्ये नव्हे. डब्ल्यूपीए३ ही वाय-फाय सुरक्षित ठेवणारी पद्धतही त्यात असावी. जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल लवकर क्षीण होतो, म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा.