शेल्टरमध्ये सोडून दिलेल्या सहा वर्षांच्या मांजरीला घर कसं मिळवून द्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुंबईतल्या एका शेल्टरमध्ये तुम्ही मदतीला जाता, तिथे घरात वाढलेली सहा वर्षांची एक मांजरी तिचे मालक परदेशी चालले म्हणून सोडून गेले, ती पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते, दोन दिवस जवळजवळ काही खाल्लेलं नाही, आणि येणारे लोक शेजारच्या पिंजऱ्यातली पिल्लं घेऊन जातात. हिला कोणी नेईल का?

नेईल. मी मुंबईतच मोठी मांजरं फॉस्टर करते, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत घरी सांभाळते. त्यांना घरं मिळतात, फक्त पिल्लांपेक्षा वेळ जास्त लागतो. पण घर शोधण्याआधी तिचं खाणं बघा. मांजर उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते. अंगाने भरलेल्या मांजराच्या बाबतीत दोन-तीन दिवसांचा उपास जिवावर बेतू शकतो. त्यामुळे ‘रुसली आहे, भूक लागली की खाईल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. खर्चाची अडचण असेल तर परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. नाक चोंदलंय का, डोळ्यांतून पाणी येतंय का, हेही बघायला सांगा. बऱ्याच मांजरांच्या अंगात हर्पिसचा विषाणू सुप्त असतो आणि ताण आला की तो उसळतो. मांजर वासावर जेवतं, नाक बंद झालं की ताटलीकडे बघतही नाही. अशा वेळी ओलं खाणं किंचित कोमट करून दिलं तर फरक पडतो.

आणि तिच्या पिंजऱ्यात आज एक पुठ्ठ्याचा खोका ठेवा. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खोका मिळालेली मांजरं लवकर सावरलेली दिसली. लपायला जागा दिली तर माणसाळणार नाही, असं शेल्टरमधले काहीजण म्हणतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

आता मालकांबद्दल. तुमच्या लिहिण्यात त्यांच्याबद्दलचा राग दिसतो आणि तो मला कळतो. तरी तो बाजूला ठेवून त्यांना फोन करा, कारण या मांजरीबद्दल जगात सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच आहे. प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. यांनी तिला मासळीबाजाराबाहेर सोडली नाही, शेल्टरपर्यंत आणली. म्हणजे बोलायला जागा आहे. ती काय खायची, मांदेली की पाकिटातलं कोरडं खाणं? शी-शूसाठी लिटर, म्हणजे वाळू, कोणतं वापरायची? नसबंदी कधी झाली, लसींचं कार्ड कुठे आहे? लहान मुलं, कुत्रा, दुसरं मांजर यांच्यासोबत राहिली आहे का? मिक्सरला घाबरते का? तिला काय नावाने हाक मारायचे? ती झोपायची ती चादर न धुता मागून घ्या. तो वास पिंजऱ्यात तिच्याजवळ असू दे.

सगळ्यात मोलाची गोष्ट त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. सहा वर्षांचे फोटो! खिडकीत ऊन खाणारी, कपाटावर चढलेली, कुणाच्या तरी मांडीवर पसरलेली अशी ती त्यात सापडेल. पिंजऱ्यातल्या फोटोत दिसतं ते घाबरलेलं जनावर, आणि लोकांना तोच तिचा स्वभाव वाटतो. पिल्लू घेणाऱ्याला ते पुढे कसं निघेल हे माहीत नसतं. हिचं सगळं माहीत आहे, आणि मोठ्या मांजराच्या बाजूने बोलणारी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. ती माहिती गोळा केलीत की अर्धं काम झालं.

थेट कायमचं घर शोधू नका, आधी फॉस्टर शोधा. कुणाकडे तरी एक रिकामी खोली, तीही नसेल तर वापरात नसलेली बाथरूम चालेल. घरात आधीची मांजरं असतील तर किमान दोन आठवडे तिला वेगळं ठेवायचं, कारण शेल्टरमधून पॅनल्यूकोपेनियासारखा संसर्गजन्य आजार सोबत येऊ शकतो. त्याच काळात एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) आणि एफईएलव्ही (मांजरांमधला ल्युकेमियाचा विषाणू) यांची रक्तचाचणी करून घ्या. एफआयव्ही निघाला तरी हातपाय गाळू नका. तो माणसाला होत नाही, मांजरांमध्येही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, आणि अशी मांजरं वर्षानुवर्षं चांगली जगतात. ती एकुलती राहील असं घर बघायचं.

फॉस्टरवर चालणाऱ्या रेस्क्यू गटांना मेसेज करताना ‘अर्जंट, प्लीज हेल्प’ एवढंच लिहू नका. त्यांच्याकडे असे मेसेज सतत येत असतात. वय, नसबंदी, लसी, चाचणी, स्वभाव, शेल्टरने किती मुदत दिली आहे, आणि तुम्ही स्वतः काय उचलू शकता ते लिहा. खाण्याचा खर्च मी देईन, डॉक्टरकडे मी नेईन, असं म्हणणाऱ्याला होकार लवकर मिळतो. पिल्लांचा हंगाम ऐन भरात असेल तर गटांकडे जागाच नसते. तेव्हा नकार आला तर नाराज न होता काही दिवसांनी पुन्हा विचारा.

घरासाठीचा मजकूर साधा आणि खरा असू दे. उदाहरणार्थ: ‘सहा वर्षांची भाटी, नसबंदी झालेली, लसी पूर्ण. पहिले काही दिवस पलंगाखाली राहील. ओळख झाली की रात्री पायाशी झोपते. उचललेलं आवडत नाही. कुत्रा असलेलं घर नको.’ बिचारी, अनाथ, टाकून दिलेली हे शब्द नकोत. दयेपोटी फोन खूप येतात, पण त्यातले फार थोडे लोक तिला बघायला येतात. हा मजकूर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे, तुमच्या भागात मांजरांना खाऊ घालणाऱ्या बायकांकडे, आणि ज्यांचं म्हातारं मांजर मागच्या वर्ष-दोन वर्षांत गेलं अशा लोकांकडे पोचवा. या शेवटच्या लोकांना पुन्हा पिल्लाचा धिंगाणा नको असतो. निवृत्त जोडपी, घरून काम करणारे, एकटे राहणारे यांच्याकडे अशी मांजरं फार छान रुळतात.

विचारायला येणाऱ्यांना तीन गोष्टी विचाराच. खिडक्यांना जाळी आहे का? पारव्यांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नका, मांजर ती कुरतडतं. तारेची हवी. भाड्याचं घर असेल तर मालकाला सांगितलंय का? सोसायटीचं नाव पुढे करणाऱ्यांना सांगा की पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. आणि घर शाकाहारी असेल तर तिला काय देणार? मांजर निव्वळ मांसाहारी आहे. तिला लागणारं टॉरिन मांस-मासळीतून मिळतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात. दूध-पोळीवर ती जगणार नाही. मांजरांचं तयार खाणं घरात चालणार असेल तर शाकाहारी घरालाही माझी हरकत नसते.

नसबंदी झालेली नसेल तर ती करूनच द्या, नंतर करतो या शब्दावर सोडू नका. विशेषतः ती पर्शियन किंवा लांब केसांची असेल तर फुकटात मांजर मिळवून तिची पिल्लं विकणारे लोक फोन करतातच.

नव्या घरीही सुरुवात एकाच खोलीतून करायला सांगा. साधारण तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घराचा रिवाज समजण्याचे आणि तीन महिने घर आपलं वाटण्याचे, असा अंदाज धरतात. हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी ‘ती बाहेरच येत नाही, परत न्या’ म्हणून फोन येतो. आणि दत्तकपत्रात एक अट ठळक लिहून सही घ्या: काहीही कारणाने ठेवता आली नाही तर ती तुमच्याकडेच परत यायला हवी, तिसऱ्या कुणाकडे नाही. ते पत्र तिच्या लसींच्या कार्डासोबत द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.