स्टीफन ग्रॉसमन कोण, आणि अमेरिकन असून तो युरोपात का राहिला?

तुम्ही विचारलंय की अकूस्टिक ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, विजेविनाच्या गिटारवर) शिकायला बसलं की स्टीफन ग्रॉसमन हे नाव सारखं समोर येतं, हा माणूस जर न्यूयॉर्कचा तर उमेदीची वर्षं त्याने युरोपात का काढली? मी बरीच वर्षं त्याच्याच टॅबवरून (म्हणजे गिटारची आकड्यांची लिपी) गिटार घासतोय, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

जन्म १९४५ चा, ब्रुकलिनमधला. पंधराएक वर्षांचा असताना हा रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांच्याकडे जाऊन पोचला. डेव्हिस मूळचे साउथ कॅरोलायनाचे, कृष्णवर्णीय, अंध, पेशाने धर्मोपदेशक. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीच्या रस्त्यांवर गाऊन पोट भरलेला माणूस. शिकवणीला बसले की वेळेचा हिशोब नसे. सकाळी गेलेलं पोरगं संध्याकाळी बाहेर पडायचं. ग्रॉसमन सोबत टेप रेकॉर्डर न्यायचा, हे त्याने फार शहाणपणाचं केलं. ब्लूज म्हणजे ऐहिक गाणं, त्यामुळे धर्मोपदेशक असलेले डेव्हिस ते चारचौघांत वाजवायला कचरायचे, घरी मात्र शिष्यांना तोही खजिना मिळायचा.

आणि हे सगळं उजव्या हाताच्या दोनच बोटांवर! अंगठा जाड तारांवर खर्ज धरतो, तर्जनी बारीक तारांवर चाल काढते. वाचायला सोपं वाटतं. माझा अंगठा पहिले काही आठवडे तर्जनीच्या मागे फरफटत जायचा, ती थांबली की हाही थांबायचा. शेवटी बातम्या लावून ठेवायचो आणि त्या ऐकत नुसता अंगठा चालवायचो. बायको म्हणायची, नळ गळतोय.

१९६४ मध्ये ईव्हन डझन जग बँड (‘जग’ म्हणजे फुंकून खर्ज काढायची सुरई) नावाच्या टोळक्यातून ग्रॉसमनचा एक अल्बम निघाला. पण माझ्या मते खरं काम १९६६ चं: रोरी ब्लॉक या गिटारवादक मुलीबरोबर (तेव्हा ती ऑरोरा होती) काढलेली, ब्लूज गिटार कशी वाजवावी हे शिकवणारी रेकॉर्ड. सोबत टॅबची पुस्तिका. सहा तारांच्या सहा रेघा, त्यांवर गिटारच्या दांडीवरच्या कितव्या पट्टीवर बोट ठेवायचं त्याचे आकडे. बुजुर्गांच्या हातात होतं ते कागदावर आलं. आपल्याकडे भातखंड्यांनी बंदिशी लिहून काढल्या, त्याच जातीचा खटाटोप.

१९६७ मध्ये तो लंडनला गेला. त्या वेळी अमेरिकेत स्वतः डेव्हिस, सन हाउस, स्किप जेम्स हयात होते. मूळ गवई समोर असताना ब्रुकलिनच्या गोऱ्या पोराला कोण कशाला ऐकेल? लंडनला हेच बुजुर्ग अधूनमधून दौऱ्यावर येऊन जायचे, आणि हा त्यांच्या पायाशी बसून शिकलेला, तिथेच मुक्कामाला. त्यात तिथल्या फोक (लोकसंगीताच्या) क्लबांमध्ये एकटी गिटार शांतपणे ऐकायला बसणारी माणसं होती. बर्ट जान्श, जॉन रेनबर्न या तिथल्या गिटारवादकांनी तो श्रोता तयारच केला होता. मला तरी हेच कारण पटतं. पुढे इटलीतही राहिला.

सत्तरच्या दशकात एड डेन्सनबरोबर त्याने किकिंग म्यूल ही कंपनी काढली. फिंगरपिकिंगवाल्यांच्या (बोटांनी एकेक तार छेडणाऱ्यांच्या) रेकॉर्डी आणि त्यांचे टॅब. रेनबर्नबरोबरची जोडीही तेव्हाचीच. ती जरूर ऐका, दोन गिटारी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. ग्रॉसमनचं गाणं मला बेतासबात वाटतं, ते सोडा. ऐंशीच्या दशकात तो अमेरिकेत परतला आणि शिकवण्याचे व्हिडिओ काढत राहिला. तुमच्यासमोर नाव येतं ते त्यामुळे.

शिकणारच असाल तर डेव्हिसपासून सुरुवात नको. त्यांचा अंगठा मध्येच वाट बदलतो, आपण पडतो. आधी मिसिसिपी जॉन हर्ट या जुन्या ब्लूज गवयाच्या चाली घ्या, तिथे अंगठा घड्याळासारखा चालतो. टॅब उघडण्यापूर्वी मूळ रेकॉर्ड दहा वेळा ऐका. आकड्यांत बोटांच्या जागा असतात, लयीचा झोका नसतो.