दाखल्यावर ताप, घरात प्लेग

प्रश्न : माझी पणजी १९०६ साली गिरगावातल्या चाळीत गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने गेली, असं आजी सांगायची. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र नुसतं ‘ताप’ लिहिलंय. मग प्लेगची मोजदाद व्हायची तरी कशी? आणि मेलेले उंदीर परळला तपासायला नेत, हे खरं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आजीचं खरं धरा. दाखल्यावर आलं ते घरच्यांनी सांगितलेलं कारण, आणि प्लेग म्हणायला लोक धजत नसत. १८९६च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत साथ ओळखली. पुढची दोन वर्षं घरझडत्या झाल्या, रोग्याला उचलून इस्पितळात आणि घरच्यांना वेगळं ठेवायच्या छावणीत नेलं गेलं. १८९८च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यात विणकराच्या घरातली आजारी मुलगी तपासायला पथक गेलं आणि दंगल पेटली. पुढे सक्ती सैल झाली, धास्ती राहिली. मी खूप नंतर पालिकेच्या आरोग्य खात्यात होतो, तेव्हाही ती दिसायची. वही घेऊन दारात उभं राहिलं की आतून आवाज यायचा, “आमच्याकडे कुणी आजारी नाही हो!” आणि त्याच वेळी पडद्यामागे कुणीतरी कण्हत असायचं. त्या माणसांना मी कधी खोटारडं म्हटलं नाही. नोंद केल्यावर आपलं काय होईल, याचा भरवसा त्यांना कुणी दिला होता?

म्हणून जाणते अधिकारी प्लेगच्या रकान्यावर विसंबत नसत. आठवड्याचे एकूण मृत्यू काढायचे, एरवी त्या दिवसांत किती होतात ते बघायचं आणि वरची वाढ साथीच्या खाती धरायची.

आता उंदीर. हो, परळला जात! तिथल्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, १९०५पासून प्लेग संशोधन आयोगाने शहरभरचे मेलेले आणि पिंजऱ्यात धरलेले उंदीर गोळा केले. कुठे सापडला याची नोंद करायची, मग फाडून तपासायचं. असे लाखाहून जास्त उंदीर पाहिले. त्यातून क्रम उलगडला : आधी गटारातला तपकिरी उंदीर मरतो, मग घरातला काळा उंदीर, आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा भुकेल्या होऊन माणसाकडे वळतात. साथीच्या खोलीत गिनीपिग मोकळा सोडायचा आणि नंतर त्याच्या अंगावरच्या पिसवा वेचून मोजायच्या, अशीही तपासणी व्हायची. माणसांनी लपवलेला रोग उंदरांमुळे उघड्यावर आला, आणि तोही आधी! या कामाचं मोल आपण अजून ओळखलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडच्या दाखल्यावर महिना बघा. मुंबईत प्लेगचा जोर फेब्रुवारी ते एप्रिल असायचा. पणजी त्या दिवसांत गेली असेल आणि त्याच घरपत्त्यावर मागेपुढे आणखी ‘ताप’ नोंदलेले असतील, तर आजीच्या शब्दाला चांगलाच आधार मिळेल.