वाचकांचे प्रश्न : मंडळ तेच आहे, मग नाटक कुठे हरवले?

गेल्या अंकात झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यातील, रंगभूमीविषयी लेख छापून आला आणि त्यानंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या चारही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रे गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या (देसाईगंजच्या) एकाच जुन्या नाट्य मंडळाविषयी आहेत. मंडळाची बाजू आम्ही ऐकलेली नसल्यामुळे त्याचे नाव येथे दिलेले नाही. पत्रलेखकांपैकी कोणीही त्या मंडळाचा शत्रू नाही, हे मात्र प्रत्येक पत्रात स्पष्ट दिसते. ज्यांनी थंडीत रात्र रात्र जागून त्याची नाटके पाहिली, तेच आज त्याच्याविषयी कळवळून लिहीत आहेत.

प्रश्न : आमच्या गावाने मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री सलग बावीस वर्षे याच मंडळाचे नाटक ठेवले. संस्थापक मालक स्वतः नाटक लिहीत, स्वतः बसवीत आणि बापाची भूमिकाही स्वतःच करीत. ते वारले आणि त्यानंतर मंडळाचा जीवच गेला. यंदा तर माईकमधून आधी प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू येत होता आणि मग नटाचा. बायाबापड्या मध्यरात्रीच तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) बैठकीवरून उठून घरी गेल्या. माणूस गेल्यावर त्याच्या मंडळाची जुनी धार परत येऊ शकते का, की आम्ही आता दुसरे मंडळ ठरवावे? (लाखांदूर तालुका, जिल्हा भंडारा)

उत्तर : परत येऊ शकते, आणि हे आम्ही केवळ आपल्या समाधानासाठी म्हणत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि 1885 मध्ये त्यांचे निधन झाले. लेखक, दिग्दर्शक आणि चालक असा तिहेरी आधार एकाच वेळी गेल्यामुळे किर्लोस्कर मंडळी तेथेच संपायला हवी होती. परंतु चौदा वर्षांनी, म्हणजे 1899 मध्ये, त्याच मंडळीने गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ केले. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावून देण्याची जी रीत प्रेक्षकांच्या स्वतःच्या घरांत चालू होती, तीच त्यांना रंगमंचावर दिसली. देवल नाटक लिहिणारे तर होतेच, शिवाय नटांना अभिनय शिकवणारे तालीममास्तर म्हणूनही त्यांचा लौकिक होता. लेखणी आणि तालीम ही दोन्ही कामे अण्णासाहेबांमागेही मंडळीच्या हाताशी राहिली होती, आणि आमच्या मते मंडळी तगली ती याच कारणाने. पुढे 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व त्यांनी गंधर्व मंडळी काढली, तेव्हा मात्र किर्लोस्कर मंडळीला पूर्वीचे दिवस पुन्हा दिसले नाहीत.

आपल्या मंडळात मालकांच्या मागे नेमके काय थांबले, याचा विचार या उदाहरणाच्या आधाराने करावा. नट आहेत, ऑर्गन आणि तबला आहे, ऑक्टोपॅड नवा आहे, प्रकाशयोजना तर पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आहे. थांबली आहे ती तालीम. आपण लिहिलेली प्रॉम्प्टरची गोष्ट हाच त्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. प्रॉम्प्टर पूर्वीही होता, पण तो अडलेल्या नटाला एखादा शब्द पुरवीत असे. संपूर्ण वाक्य त्याच्या तोंडून घेऊन बोलावे लागत असेल, तर नटाचे कान विंगेकडे लागतात आणि समोरचा सहकलाकार काय म्हणाला, हे त्याला ऐकूच येत नाही. मग आई रडते आहे आणि मुलगा भलतीकडेच पाहतो आहे, असे दृश्य तयार होते.

त्या मंडळाची तालीम प्रस्तुत उत्तरलेखकाने लहानपणी एकदा पाहिलेली आहे. एका राइस मिलच्या रिकाम्या गोदामात, कोंड्याच्या वासात, नायिकेने पाण्याची घागर घेऊन घरात यावे आणि सासूचे बोलणे ऐकून ती खाली ठेवावी, एवढाच प्रसंग चालला होता. मिलमध्ये धान घेऊन आलेली एक म्हातारी दाराशी उभी होती. ती न राहवून म्हणाली, “भरली घागर अशी नाही ठेवत बाई, आधी गुडघा टेकते.” मालकांनी तालीम थांबवली, विहिरीवरून खरोखरच घागर भरून आणायला लावली आणि त्या म्हातारीकडून ती तीन-चार वेळा ठेवून दाखवून घेतली. त्यानंतर नायिकेला तेच करायला लावले, आणि अंधार पडेपर्यंत त्या एकाच प्रसंगावर काम चालले. त्या हंगामात नाटक लागले, तेव्हा घागर टेकताना नायिकेचा गुडघा वाकला आणि समोरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बसलेल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. आपण ज्याला मंडळाचा जीव म्हणता, तो अशा ठिकाणी होता. मालकांची प्रतिभा कोणाला वारसाहक्काने मिळणार नाही, पण म्हातारीचे ऐकून घागर भरून आणण्याची शिस्त मिळू शकते.

म्हणून दुसरे मंडळ ठरवण्यापूर्वी यंदा एक करून पाहावे. दिवाळीच्या पुष्कळ आधी गावातील चार जाणत्या माणसांनी वडशाला जाऊन मालकांच्या चिरंजीवांना भेटावे आणि नाटकाची रक्कम ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : कोणते नाटक येणार, त्यात कोण कोणती भूमिका करणार, आणि सर्व कलाकार एकत्र आणून त्याच्या किती तालमी होणार. आजवर आपण फक्त पोस्टरवर कोणाचा फोटो मोठा आहे, एवढेच विचारत आलो आहोत. गाव जे विचारते तेच मंडळ पुरवते, ही गोष्ट आपण प्रेक्षकांनी मान्य केली पाहिजे.

प्रश्न : नाटकाच्या मध्येच नाचाचा हंगामा घालतात, तो बंद केल्याशिवाय काही सुधारणार नाही, असे आमच्या गावातील वडीलधारे म्हणतात. तरुण मुलांचे म्हणणे असे की नाच नसेल तर तिकिटे खपणार नाहीत आणि मंडळच बुडेल. आपले मत काय? (सिंदेवाही तालुका, जिल्हा चंद्रपूर)

उत्तर : दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. नाच आणि गाणे झाडीपट्टीत बाहेरून आलेले नाही. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांच्याच कुशीत आपले नाटक वाढले, आणि तेथे नाचल्याशिवाय खेळ उभाच राहत नसे. त्यामुळे नाचालाच अपवित्र ठरवणे आम्हाला पटत नाही. बिघाड झाला आहे तो जागेचा. कर्जापायी बांधी गहाण ठेवणारा बाप रंगमंचावर बसलेला असतो, प्रेक्षकांचा गळा दाटून आलेला असतो, आणि त्याच क्षणी दिवे लाल-निळे होऊन चित्रपटातील गाणे सुरू होते. गाणे संपल्यावर त्या बापाने पुन्हा तेथूनच सुरुवात करायची असते. कितीही चांगला नट असला, तरी विझवलेली चूल तो फुंकून फुंकून किती वेळा पेटवणार?

नाच ठेवायचा असेल तर तो नाटकाच्या आधी ठेवावा किंवा मध्यंतरात ठेवावा, पण प्रवेश फोडून ठेवू नये, एवढी एक अट गावाने घातली तरी पुष्कळ फरक पडेल. तिकिटांची भीती आम्ही हलकी मानत नाही, कारण मंडपापासून जेवणापर्यंतचा खर्च गावातील आयोजक मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या अंगावर असतो आणि तोटा आला तर तो त्यांच्याच खिशातून जातो. म्हणूनच नाच एकदम काढून टाका, असे आम्ही सांगत नाही.

प्रश्न : शंकरपटावर (बैलांच्या शर्यतीवर) बंदी आली, पाहुणे येणे कमी झाले आणि त्यातूनच नाटके उतरली, असे मंडळाचे लोक सांगतात. हे खरे आहे का? (अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया)

उत्तर : काही अंशी खरे आहे. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, आणि दिवसा पट व रात्री नाटक ही जोडी अनेक गावांत तुटली. पुढे करोनाच्या काळाचाही फटका बसला. परंतु 2021 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि 2023 च्या मे महिन्यात राज्याचा कायदाही मान्य केला. पट परत आले, पाहुणेही परत आले. तेव्हा गर्दी कमी का झाली, याचे ते उत्तर असू शकेल, पण पाठांतर का नाही, याचे नाही.

प्रश्न : आम्ही काही शिक्षक आणि महाविद्यालयीन मुले त्या मंडळाचे चाहते आहोत. आम्ही वर्गणी काढून मंडळाला नवा पडदा आणि ध्वनियंत्रणा द्यावी का? (कुरखेडा तालुका, जिल्हा गडचिरोली)

उत्तर : आपली भावना मोलाची आहे, विशेषतः आपल्याच जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर तरुणांमध्ये या रंगभूमीविषयी जो अभिमान जागा झाला आहे, तो तिच्या कामी यावा असे आम्हालाही मनापासून वाटते. मात्र पडदा देऊ नका. ती वर्गणी लेखकाला द्या. आपल्या भागात लिहू शकणारी माणसे आहेत. वर्षभर पोटापाण्याचे काम करून रात्री कंदिलासारख्या उजेडात संहिता लिहायची, ती मंडळाला विकायची आणि नंतर तिचे काय झाले हे प्रेक्षकांत बसूनच कळायचे, असे त्यांच्या वाट्याला येते. मंडळाने एका लेखकाला पावसाळ्याचे चार महिने मानधन देऊन आपल्यातच सामावून घ्यावे, त्याने त्याच नटांना डोळ्यांसमोर ठेवून लिहावे आणि तालमीत बसून वाक्ये बदलावीत, अशी अट घालून ती रक्कम मंडळाच्या आताच्या मालकांच्या हाती द्यावी. विषय शोधायला दूर जावे लागणार नाही. जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेली बाई संध्याकाळी परत येईल की नाही, याची वाट पाहणारे घर आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहे, आणि ते घर रंगमंचावर झाडीबोलीत बोलू लागले, तर त्याला प्रॉम्प्टरची गरज पडणार नाही.

मालक या गोष्टीला तयार झाल्यास तालमीची तारीख आम्हाला अवश्य कळवावी. आम्ही स्वखर्चाने वडशाला येऊ आणि एका कोपऱ्यात गप्प बसून पाहू.