मित्रदेशाच्या गोळीने मृत्यू झाला, तर दोष कोणाचा हे कोण ठरवते?

तुमचा प्रश्न असा आहे की, एकाच बाजूने लढणाऱ्या दोन देशांपैकी एकाच्या सैनिकांच्या गोळीने दुसऱ्याचा माणूस मारला गेला आणि दोघांनी मिळून चौकशी केली, तरी निष्कर्ष वेगवेगळे का निघतात आणि शेवटी दोष कोणाचा हे ठरवतो कोण. या प्रश्नाचे उत्तर मी निकोला कालिपारी यांच्या मृत्यूच्या आधारे देतो, कारण या प्रकरणात दोन्ही देशांचे स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाले आणि ते शेजारी ठेवून वाचता येतात.

कालिपारी हे इटलीच्या लष्करी गुप्तचर संस्थेचे वरिष्ठ अधिकारी होते. 4 फेब्रुवारी 2005 रोजी ‘इल मानिफेस्तो’ या वृत्तपत्राच्या पत्रकार जुलियाना स्ग्रेना यांचे बगदादमध्ये अपहरण झाले. बरोबर एक महिन्याने, 4 मार्चच्या रात्री, कालिपारी त्यांची सुटका करून टोयोटा मोटारीतून त्यांना विमानतळाकडे नेत होते. वाटेत मोटार विमानतळाच्या रस्त्याला मिळणाऱ्या एका उतारावर आली, तेथे अमेरिकी सैनिकांनी तात्पुरती नाकाबंदी लावली होती. मशीनगनमधून गोळ्या सुटल्या. कालिपारींनी स्ग्रेना यांच्यावर झेप घेऊन त्यांना आपल्या अंगाखाली घेतले. स्ग्रेना आणि चालक जखमी होऊन वाचले, कालिपारी मात्र जागीच गेले. इटलीचे सुमारे 3,000 सैनिक त्या वेळी अमेरिकेच्या बाजूने इराकमध्ये होते, त्यामुळे हा आघात शत्रूकडून नव्हे तर सोबत्याकडून झाला होता. रोममध्ये त्यांच्यावर शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले.

पंतप्रधान बेर्लुस्कोनी यांच्या सरकारने स्पष्टीकरण मागितले, अमेरिकेने चौकशी नेमली आणि इटलीचे दोन प्रतिनिधी त्या चौकशीत बसले. एप्रिलच्या अखेरीस मात्र एकत्र सही होऊ शकली नाही. अमेरिकेने आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि दोनच दिवसांनी इटलीने आपला.

दोन्ही अहवालांतला मतभेद नेमका कशावर आहे हे बारकाईने पाहायला हवे, कारण वर्तमानपत्रांतून तो केवळ वेगाचा वाद म्हणून लोकांपर्यंत पोहोचला. वेगावर मतभेद होताच: अमेरिकी अहवालाने मोटारीचा वेग ताशी सुमारे 80 किलोमीटर धरला, तर चालकाच्या सांगण्यानुसार तो 40 ते 50 किलोमीटरच होता. परंतु माझ्या मते खरा भेद त्याखाली आहे. अमेरिकी अहवाल एकच प्रश्न विचारतो: गोळी झाडणाऱ्याने त्याला दिलेले नियम पाळले का? प्रखर दिवा रोखला, इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, मोटार थांबली नाही, आत्मघाती मोटारबॉम्बचा धोका रोजचा होता; म्हणून नियम पाळले गेले आणि शिक्षेची शिफारस नाही. इटलीचा अहवाल त्याच्या एक पायरी मागे जातो आणि विचारतो की ती नाकाबंदी तशी, तेथे आणि तेवढा वेळ का होती. अमेरिकी राजदूत जॉन नेग्रोपोंटे यांचा ताफा त्या रस्त्याने जाणार म्हणून ती लावली गेली होती. राजदूत पोहोचल्यानंतरही, संपर्कातील बिघाड आणि वरून आदेश न येणे यांमुळे, सैनिक तेथेच थांबवून ठेवले गेले. पुढे चौकी आहे हे चालकाला सांगणारा फलक नव्हता. अननुभव आणि ताण यांमुळे सैनिकांच्या हातून हे घडले असावे, असे इटलीने म्हटले. हे हेतुपुरस्सर घडले असे मात्र इटलीनेही म्हटले नाही, ही गोष्ट अनेकदा सांगायची राहून जाते. गंमत नव्हे, दुःखाची बाब ही की अशा चौक्यांवर फलक आणि अडथळे यांचा विचार व्हावा, ही सूचना अमेरिकी अहवालातही आहे. फक्त तिथे ती भविष्यासाठीची सुधारणा आहे, झालेल्या मृत्यूचे कारण नाही.

दुसरी अडचण पुराव्याची. गोळीबारानंतर वाहने जागेवरून हलवली गेली, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या उचलल्या गेल्या, त्या रात्रीच्या नोंदी टिकल्या नाहीत, अशी इटलीची तक्रार होती. मोटार कोठे होती आणि सैनिक कोठे होते हे मोजताच आले नाही, तर वेग आणि अंतर हे साक्षीदारांच्या शब्दांवरच राहते आणि साक्षीदार दोन देशांचे असतात. घटनास्थळ ज्याच्या ताब्यात, चौकशीची पहिली रेषही तोच ओढतो.

मित्रदेशांत असे नेहमीच होते असे मात्र नाही. 17 एप्रिल 2002 रोजी अफगाणिस्तानात कंदाहारजवळ तारनाक फार्म येथे अमेरिकी एफ-16 विमानाच्या बॉम्बने सरावात असलेले चार कॅनेडियन सैनिक मारले गेले. त्या वेळी दोन्ही देशांच्या चौकशा वैमानिकाच्या चुकीवर एकमत झाल्या आणि 2004 मध्ये त्याला समज व दंड झाला. कॅनडातील कुटुंबांना ती शिक्षा फार हलकी वाटली आणि मला त्यांचे म्हणणे पटते. पण निदान काय घडले यावर दोन कथा राहिल्या नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. रोमच्या सरकारी वकिलांनी गोळी झाडणारा सैनिक गैरहजर असतानाच त्याच्यावर खटला भरला. ऑक्टोबर 2007 मध्ये न्यायालयाने हे आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही म्हणून तो बंद केला, आणि 2008 मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. कारण असे की, सैनिकाने आपल्या राज्याचे काम म्हणून केलेल्या कृत्याबद्दल त्याला दुसऱ्या देशाच्या न्यायालयात उभे करता येत नाही. म्हणजे दोषी की निर्दोष हे कोणत्याही न्यायालयाने तपासलेच नाही. भारतीय वाचकांना हेच तत्त्व ओळखीचे वाटेल: 2012 मध्ये केरळच्या किनाऱ्यापुढे दोन मच्छीमारांना मारणाऱ्या इटालियन नौसैनिकांसाठी इटलीने त्याचाच आधार घेतला, आणि 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो मान्य केला.