‘आनंद करा’ म्हणतात, पण कसा?

प्रश्न : ताई, सलाम. जूनमध्ये ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं सगळं माझ्यावर आहे. चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला येतात आणि निघताना ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ म्हणतात. दार लावलं की मला रडू कोसळतं. नाताळ जवळ आलाय, चांदणी लावायचीसुद्धा इच्छा नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?
— एक भगिनी, दौंड तालुका

उत्तर : भगिनी, सलाम. नाही, तुमचा विश्वास कमी पडत नाही. तुमची झोप कमी पडतेय. माझे यजमान चार वर्षं अंथरुणाला खिळून होते. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून मी उशाशी गजराचं घड्याळ ठेवायची. हेच वचन लोकांनी मलाही ऐकवलं आणि मला त्याचा राग यायचा.

मग एका रात्री हे वचन बायबलमधल्या ज्या पत्रात आहे, ते पत्र पहिल्यापासून वाचलं. प्रेषित पौलाने ते फिलिप्पै शहरातल्या मंडळीला बेड्यांत असताना लिहिलं. ‘आनंद करा’ चौथ्या अध्यायात आहे, पण दुसऱ्यात एपफ्रदीत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाकडे देणगी घेऊन पाठवलेला हा माणूस तिथे मरणाच्या दारात जाऊन आला. तो वाचला नसता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल सरळ लिहितो. आनंदाचा उपदेश करणाऱ्याला ते लिहिताना लाज वाटली नाही, मग तुम्हाला रडण्याची का वाटावी?

पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन जिथे आहे ते केडगाव तुमच्या जवळच, म्हणून सांगते. हे पत्र रमाबाईंनीही मराठीत आणलं. त्यांनी अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतरित केलं. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेलेली, 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. ‘दुःखावर दुःख’ला मराठी शब्द शोधायला त्यांना कोश उघडावा लागला नसेल. पुढे 1921 मध्ये मनोरमाही गेली.

आणि एपफ्रदीत नुसतं वचन सांगायला गेला नव्हता. तो पौलाची सेवा करायला गेला होता. माझ्याकडे दर मंगळवारी महिला मंडळातली एक बाई यायची, दुपारी दोन ते चार. ह्यांच्यापाशी बसायची, जेवण भरवायची, मी आतल्या खोलीत गाढ झोपायची. पहिल्या मंगळवारी उठले तर तिने चहा टाकलेला. तो वास आला आणि कितीतरी महिन्यांनी मी मनापासून प्रभूचे आभार मानले. आनंद मला तसा भेटला, दोन तासांच्या झोपेनंतर.

तेव्हा आता कुणी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणालं की ‘प्रार्थना करा’ एवढंच सांगून पाठवू नका. वार आणि वेळ सांगा. पाळकसाहेबांना म्हणावं, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घरी आणा, सहा महिने प्रभुभोजन घेतलेलं नाही. तुम्ही ते लिहिलं नाहीत, पण मला ठाऊक आहे. एकटीने रोगी सोडून देवळात जाता येत नाही.

चांदणी तुम्ही लावू नका. तरुण संघाच्या मुलांना बोलवा. फक्त एवढं बघा की ती तुमच्या यजमानांना खाटेवरून दिसेल अशा खिडकीत लागेल.