ताराबाईंचा 'साहसी' म्हणजे धाडसी नव्हे!

प्रश्न असा आला आहे: ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण' हे दाखवण्याकरिता हा निबंध, असं छापलंय, मग आत शौर्याबिर्याचं काहीच कसं नाही?

विचारणाऱ्यानं निदान पुस्तक उघडून पाहिलंय, हेच केवढं! नाहीतर दर आठ मार्चला कुणीतरी माइक धरून सांगतंच, 'बाईंनी १८८२ सालीच विचारलं होतं, जास्त धाडसी कोण?' टाळ्याही पडतात.

साहसी खेळ, साहसी सहल, साहसकथा हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देऊ. खरी गंमत मुळात आहे. 'सहस्' म्हणजे बळ. नारदस्मृती हा जुना धर्मशास्त्राचा ग्रंथ व्याख्याच देतो: 'सहसा क्रियते कर्म यत्किञ्चिद् बलदर्पितैः । तत्साहसमिति प्रोक्तं सहो बलमिहोच्यते ॥' बळाचा माज चढलेल्यांनी जबरदस्तीनं केलेलं कृत्य, ते साहस. माणूस मारणं, चोरी, परस्त्रीवर हात टाकणं, सगळं यात आलं. मनुस्मृतीत तर दंडाच्या पायऱ्यांचंच नाव साहस: प्रथम साहस २५० पण (पण म्हणजे तेव्हाचं नाणं), मध्यम ५००, उत्तम १०००. म्हणजे 'उत्तम साहस' हे शौर्यपदक नव्हे, सगळ्यात जबर दंड! 'नसतं साहस करू नकोस' असं आजी म्हणते तेव्हा ती आपल्या वक्त्यांपेक्षा मूळ अर्थाच्या जास्त जवळ असते. आणि अलीकडे वाहिन्यांवर उठल्यासुटल्या 'दुस्साहस' ऐकू येतं. अहो, त्या 'साहसा'त 'दुस्' होताच की!

आता ताराबाई. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण 'पुणे वैभव'सारख्या वृत्तपत्रांनी निमित्त साधून समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या या बाई त्यावर उसळल्या. भर्तृहरीच्या शृंगारशतकात, म्हणजे त्याच्या संस्कृत काव्यात, एक श्लोक आहे, त्यात स्त्रीला 'पत्तनं साहसानां', म्हणजे कुकर्मांचं शहरच, म्हटलंय. बाई त्या श्लोकातला एकेक दोष उचलतात आणि नेमका पुरुषांच्या पदरात टाकतात. मुखपृष्ठावरचा 'साहसी' या घराण्यातला आहे. बायको मेली की दुसरी करायला नवरा मोकळा, नवरा मेला की बाईचं डोकं भादरायचं. विधवेला फसवणारा उजळ माथ्यानं फिरतो आणि ती तुरुंगात. नवऱ्याला देव मानायचं, तर मग त्यानं देवासारखं वागायला नको का, असा बाईंचा रोकडा सवाल आहे.

माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे, आणि ते बऱ्याच जणांना पटत नाही. इतिहासकार रोझालिंड ओ'हॅनलन यांनी १९९४ च्या या पुस्तकाच्या आपल्या इंग्रजी भाषांतरात 'साहसी'चं 'दुष्ट आणि अनीतिमान' असं केलंय. धाडसापेक्षा लाख पटींनी बरं, पण माझ्या मते निम्मंच. दुष्ट कुणीही असू शकतो, पायाखालचा मुंगळासुद्धा. साहसाला आधी बळ हातात असावं लागतं. शास्त्रं लिहिणारा हात, निवाडा देणारी खुर्ची, छापखाना, घरची किल्ली, सगळंच एका बाजूला असताना 'साहसी कोण' या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच येतं! बाईंनी नारदस्मृती वाचली होती, असा माझा दावा नाही. पण श्लोकाचा असा पिंजून समाचार घेणारी बाई मुखपृष्ठावरचा शब्द सहज म्हणून टाकेल, हे मला कुणी सांगू नये. 'साधा त्या काळचा वापर, उगाच खोल जाऊ नका' म्हणणाऱ्या विद्वानांनी खुशाल उथळ पाण्यात पोहावं. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात या निबंधाची बाजू घेतली, ती काय शौर्यकथा आवडली म्हणून?

'सहसा'ही याच सहस् मधला. मूळ अर्थ जोरानं, त्यावरून एकाएकी, अविचारानं. संस्कृत कवी भारवीचं 'सहसा विदधीत न क्रियाम्' प्रसिद्धच आहे: एकाएकी काही करू नये. मराठीत मात्र तो नकाराला चिकटूनच बसला: सहसा जात नाही, सहसा बोलू नये. माझा तर्क असा, की भारवीच्या त्या 'न'नं शब्दाची पाठ सोडलीच नाही. पाठांतरातून तो थेट बोलण्यात उतरला. पुरावा? कान! म्हणूनच 'मी सहसा सकाळी पोहे खातो' असं कुणी म्हटलं की माझ्या मते थेट उत्तम साहस. हजार पण, तेही रोख.